लिनक्स शिकणाऱ्यास योग्य पुस्तक कोण दाखविणार?

१४ ऑक्टोबर या तारखेचे महत्त्व या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. २०२५ साली त्याच तारखेस एक निराळी, अगदी व्यावहारिक स्वरूपाची घटना घडली आणि तिचा परिणाम आपल्यापैकी अनेकांच्या घरातील टेबलापर्यंत येऊन पोहोचला. ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नियमित देखभाल त्या दिवशी संपुष्टात आली. काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या देण्याची सोय ठेवण्यात आली. परंतु ती तात्पुरती मुदतवाढच होती. ‘विंडोज ११’ ही पुढील प्रणाली साधारणतः २०१७ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. परिणामी यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ दिसतो, कळफलक नीट चालतो, आणि तरीही ते मोडीत काढावे असा सल्ला मिळतो.

अशा वेळी जाणती मंडळी ‘लिनक्स बसवा’ असे सांगतात. हा सल्ला योग्यच आहे. लिनक्स ही मुक्त स्रोत कार्यप्रणाली आहे. तिची मूळ संहिता सर्वांस खुली असते. ती कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा तिच्या परवान्यातच असते. तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही समाधानकारक चालतात. संगणक घरातील मुलांना शिकण्यासाठी ठेवावयाचा असो, अथवा गावाकडील एखाद्या अभ्यासिकेस वा वसतिगृहास पाठवावयाचा असो, हा पर्याय गांभीर्याने विचारात घेण्याजोगा आहे. परंतु सल्ला देणारे येथे थांबतात आणि माझे म्हणणे येथून सुरू होते. प्रणाली बसविणे हे एका दुपारचे काम आहे. त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात नवख्या माणसास वाचावयास काय मिळते, यावर ती त्या घरात टिकणार की नाही हे ठरते. यास्तव, नवख्यास चांगली माहितीपुस्तिका शोधून देणे हा प्रणाली देण्याच्या कामाचाच अर्धा भाग आहे असे माझे मत आहे, आणि हा अर्धा भाग आपण बहुधा सोडून देतो.

वैद्यकीय व्यवसायातील माणसाने संगणकावर लिहावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु आमच्या व्यवसायात एक गोष्ट नित्य दिसते. औषध उत्तम असते. मात्र ते केव्हा, किती आणि कशाबरोबर घ्यावयाचे हे रुग्णास नीट समजलेले नसते. मग औषधाचा गुण येत नाही आणि बोल मात्र औषधास लागतो. लिनक्सच्या बाबतीतही नेमके हेच घडते. पंधरा दिवस झगडून माणूस ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणतो आणि संगणक कपाटात जातो. त्याच्या बुद्धीत उणीव नसते. प्रणालीतही बहुधा नसते. उणीव असते ती दोहोंना जोडणाऱ्या पानाची.

माहितीचा तुटवडा नाही

चांगली माहिती उपलब्धच नाही, असा काहींचा समज असतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. लिनक्स ज्या युनिक्स परंपरेतून आली, तिच्यात पुस्तिका हा प्रणालीचा अविभाज्य भाग मानला जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. कमांड म्हणजे संगणकास टंकून दिलेली आज्ञा. अशा प्रत्येक कमांडचे स्वतंत्र टिपण, त्यात ठरावीक मथळे, आणि त्या मथळ्यांत ‘बग्ज’ म्हणजे ‘दोष’ असाही एक मथळा, अशी त्या पुस्तिकेची रचना होती. आपल्या वस्तूतील दोष वस्तूबरोबरच्याच पुस्तिकेत छापण्याचा हा प्रामाणिकपणा आजही त्या परंपरेत टिकून आहे.

पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त प्रणालीबरोबर तिची पुस्तिकाही मुक्त असली पाहिजे, असा आग्रह त्यांनी पुढे सातत्याने धरला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला आणि लगेचच, १९९२ साली, ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम सुरू झाला. १९९३ साली स्थापन झालेल्या ‘डेबियन’ प्रकल्पाची स्वतःची स्थापना-मार्गदर्शिका व संदर्भग्रंथ आहेत. राफाएल हर्ट्झोग आणि रोलाँ मास या दोघांनी डेबियनवर मूळ फ्रेंच भाषेत लिहिलेल्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद वाचकांच्या वर्गणीतून २०१२ साली सर्वांसाठी खुला झाला. वर्गणी काढून ग्रंथ सिद्ध करण्याची रीत आपल्या समाजास अपरिचित नाही. म्हणून हे उदाहरण मला विशेष जवळचे वाटते.

तात्पर्य, ग्रंथालय मोठे आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि दारावर पहारेकरी नाही. अडचण अशी, की आत ग्रंथपालही नाही.

नवखा हरवतो कोठे?

याची मुख्यतः तीन कारणे आहेत, आणि ती नीट समजून घेतल्याखेरीज उपाय सुचणार नाहीत.

पहिले कारण म्हणजे लिनक्स ही एकच एक वस्तू नाही. उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च अशी तिची अनेक ‘वितरणे’ आहेत. गाभा एकच; परंतु नवे सॉफ्टवेअर बसविण्याची रीत, फाइलींची मांडणी, पडद्यावरील रूप यांत फरक असतो. डेबियन, उबंटू व मिंट यांत ‘ॲप्ट’ ही कमांड चालते, तर आर्चमध्ये ‘पॅकमन’. आर्चचा माहितीकोश इतका सखोल आहे की इतर वितरणांचे वापरकर्तेही तो आवर्जून वाचतात. परंतु उबंटूवर बसलेल्या नवख्याने त्यातील कमांड जशीच्या तशी उतरवली, तर संगणक ‘अशी आज्ञा नाही’ असे उत्तर देतो. पान उत्तम होते. ते त्याच्यासाठी नव्हते, एवढेच.

दुसरे कारण पानाचे वय. तारीख उलटून गेलेल्या औषधावर निदान तारीख तरी छापलेली असते. संगणकावरील अनेक लेखांवर ती नसते. एक उदाहरण पुरेसे आहे. वायफायचे जोडकाम चालण्यासाठी अनेक संगणकांस उत्पादकाचे ‘फर्मवेअर’ नावाचे छोटे सॉफ्टवेअर लागते. ते मुक्त नसल्याने डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचात पूर्वी नसे आणि ते वेगळे मिळवावे लागे. ते कसे मिळवावे याविषयी त्या काळी विपुल लिहिले गेले. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत संचातच समाविष्ट झाले. म्हणजे त्या पूर्वीची सर्व मार्गदर्शने त्या दिवशी कालबाह्य ठरली. तथापि ती नाहीशी झाली नाहीत. आजही एखादा नवखा त्यांतील एखादे पान प्रमाण मानतो आणि नसलेल्या अडचणीवर संपूर्ण रविवार घालवतो. अशीच गत ‘इफकॉन्फिग’ या जुन्या कमांडची. जाळ्याची जोडणी तपासण्यासाठी असंख्य लेख तीच वापरावयास सांगतात. परंतु डेबियनच्या २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून ती नव्या स्थापनेत आपोआप येत नाही. तिची जागा ‘आयपी’ या कमांडने घेतली आहे.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. सगळी माहिती एकाच प्रकारची नसते. डॅनिएल प्रोसिडा या लेखकाने तांत्रिक लेखनाचे चार प्रकार पाडले आहेत: हात धरून शिकविणारा धडा, विशिष्ट काम उरकण्याची कृती, संपूर्ण तपशिलाचा संदर्भ, आणि ‘असे का’ हे उलगडणारे विवेचन. स्वयंपाकाचे उदाहरण घेतले तर, आईने शेजारी उभे करून भाकरी थापावयास शिकविणे हा धडा. मसालेभाताचे लिहून दिलेले साहित्य-प्रमाण ही कृती. कोणत्या डाळीत किती प्रथिने असतात हा तक्ता म्हणजे संदर्भ. आणि पीठ आंबते ते का, हे विवेचन. भाकरी शिकू पाहणाऱ्या मुलीच्या हाती प्रथिनांचा तक्ता दिला तर तक्ता चूक ठरत नाही, पण मुलगी उपाशी राहते. लिनक्सच्या नवख्याच्या हाती आपण बहुधा असा तक्ताच देत असतो.

दोन उत्तरे, दोन्ही अपुरी

नवखा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर ‘पुस्तिका वाचा’. हे शब्द बरेचदा तुच्छतेने उच्चारले जातात. संगणकाच्या जगात त्यांचे एक असभ्य इंग्रजी संक्षेपरूपही प्रसिद्ध आहे. पुस्तिका वाचावी हे खरे; परंतु कोणती, कितवे प्रकरण, आणि त्यातील अपरिचित शब्दांचे काय? ज्याला हे ठाऊक आहे त्याला प्रश्न पडत नाही, आणि ज्याला प्रश्न पडतो त्याला हे ठाऊक नसते. ज्ञानाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसास ‘तुला कळत नाही, तर येथे आलास कशाला’ असे ऐकविले की त्याचा परिणाम काय होतो, हे आपणांस कोणी समजावून देण्याची गरज नाही. असे बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. परिणाम मात्र तोच होतो.

दुसरे उत्तर ‘ही कमांड टाका’. हे वरकरणी दयाळूपणाचे वाटते, म्हणून त्याचा धोका लक्षात येत नाही. तपासणी न करता लिहिलेल्या चिठ्ठीसारखे ते असते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचेच औषध घेणारे रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. लिनक्समध्ये ‘सुडो’ या शब्दाने सुरू होणारी कमांड संगणकाच्या सर्वाधिकारासह चालते. तिने फाइली पुसावयास सांगितल्या तर त्या पुसल्या जातात. आणि कमांड बरोबर निघाली, तरी नवखा काही शिकत नाही. पुढील अडचणीस तो पुन्हा त्याच दाराशी उभा राहतो. त्याचे परावलंबन पूर्वी कंपनीवर होते, आता ते आपल्यावर आले, एवढाच फरक.

अलीकडे या दुसऱ्या प्रकारात एका नव्या दात्याची भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संभाषक विचारताक्षणी कमांड लिहून देतात आणि ती मराठीतही समजावून सांगतात. त्यांचा उपयोग मी नाकारीत नाही; अनोळखी शब्दांचा अर्थ लावण्यास ते खरोखरच साहाय्यभूत होतात. परंतु अस्तित्वात नसलेला पर्याय किंवा जुन्या आवृत्तीतील रीत तेही तितक्याच आत्मविश्वासाने सांगू शकतात. तेव्हा त्यांचे उत्तर कशाशी ताडून पाहावयाचे, हे ज्यास ठाऊक आहे त्यालाच ते सुरक्षितपणे वापरता येतात. चांगल्या पुस्तिकेची गरज त्यामुळे कमी झाली नसून वाढली आहे.

या दोन्हींहून वेगळे असे तिसरे उत्तर आहे. ते म्हणजे नेमके पान काढून देणे, ‘या परिच्छेदापासून वाचा’ असे सांगणे, आणि पहिल्या खेपेस शेजारी बसून बरोबर वाचणे. यास दहा मिनिटे अधिक लागतात. परंतु त्या दहा मिनिटांत माणूस उत्तराबरोबर उत्तर शोधण्याची रीतही घेऊन जातो.

चांगले पान कसे ओळखावे?

नवख्यास प्रथम शिकवावयाचे ते पुढील चार प्रश्न. कोणतेही पान उघडल्यावर त्याने ते स्वतःस विचारावेत.

एक, हे पान माझ्या वितरणाचे आहे काय? आपल्याजवळ कोणते वितरण व कितवी आवृत्ती आहे, हे सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या भागात पाहावयास मिळते. ते एका कागदावर लिहून संगणकास चिकटवून ठेवावे. रक्तगट ठाऊक असावा तसे हे ठाऊक असावे.

दोन, हे पान केव्हाचे आहे? उबंटूच्या आवृत्तीचा क्रमांकच तिची तारीख सांगतो: २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. १४.०४ साठी लिहिलेले पान २४.०४ वर चालेलच असे मानू नये.

तीन, या पानाची जबाबदारी कोणावर आहे? वितरणाच्या अधिकृत पुस्तिकेत चूक आढळली तर ती कळविण्याची ठरलेली जागा असते. ओपनबीएसडी या युनिक्स-कुळातील प्रणालीत तर पुस्तिकेतील चूक ही प्रणालीतीलच चूक मानली जाते. एखाद्याने हौसेने लिहून सोडून दिलेला लेख वाईटच असेल असे नाही. परंतु त्यास वाली नसतो.

चार, कमांड काय करते आणि ती मागे कशी घ्यावी, हे पान सांगते काय? केवळ ‘हे उतरवून टाका’ म्हणणारे पान, मग ते कितीही लोकप्रिय असो, नवख्याने बाजूस ठेवावे.

वाचनाचा क्रम

पुस्तके योग्य असली तरी क्रम चुकला तर निराशाच पदरी येते. माझ्या मते क्रम असा असावा. पहिल्या आठवड्यात फक्त आपल्या वितरणाची स्वतःची स्थापना-मार्गदर्शिका आणि प्राथमिक मदतपुस्तिका वाचावी. दुसरे काहीही उघडू नये. मिंट व उबंटू यांच्या मार्गदर्शिका नवख्यास डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत. दुसऱ्या आठवड्यात एखादा धडा घ्यावा आणि प्रत्येक पायरी स्वहस्ते करावी. त्यानंतर ‘मॅन’ पानांकडे वळावे.

‘मॅन’ हे ‘मॅन्युअल’चे लघुरूप. टर्मिनल नावाच्या खिडकीत एम-ए-एन ही अक्षरे आणि पुढे कमांडचे नाव लिहिले की त्या कमांडचे पान उघडते. इंटरनेट बंद असले तरी ते उघडते, कारण ते संगणकातच असते. आणि संगणकात बसलेल्या नेमक्या त्याच आवृत्तीचे असते. वर सांगितलेल्या चार प्रश्नांपैकी पहिले दोन येथे आपोआपच सुटतात. पान रुक्ष असते, कारण ते संदर्भाचे पान आहे, धड्याचे नव्हे. ते वाचण्याच्या खुणा मात्र थोड्याच आहेत. चौकोनी कंसातील भाग ऐच्छिक असतो. तीन टिंबे म्हणजे ‘हे पुन्हा लिहिता येते’. तिरकी रेघ टंकून शब्द लिहिला की तो पानात शोधता येतो आणि ‘क्यू’ दाबले की पान मिटते. अनेक पानांच्या शेवटी ‘सी ऑल्सो’ या मथळ्याखाली संबंधित पानांची नावे असतात. नवख्याने तो मथळा आधी पाहावा. कमांडचे नावच ठाऊक नसेल तर ‘अप्रोपोस’ ही कमांड विषयावरून पाने शोधून देते.

ही पाने आठ मुख्य विभागांत लावलेली असतात आणि या क्रमांकांचा अर्थ न कळल्याने अनेकांचा गोंधळ होतो. पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी या एकाच नावाची दोन पाने आहेत. पहिल्या विभागातील पान परवलीचा शब्द बदलण्याच्या कमांडचे आहे; पाचव्या विभागातील पान खात्यांची नोंद असलेल्या फाइलीच्या रचनेचे आहे. नावापुढे कंसात दिसणारा आकडा विभाग दर्शवितो, एवढे एक वाक्य वेळेवर सांगितले तर पुष्कळ डोकेदुखी वाचते. असे वाक्य सांगणारा माणूस, यालाच मी वर ग्रंथपाल म्हटले आहे.

आर्चचा माहितीकोश यानंतर हाती घ्यावा. तेथील विवेचन वाचावे आणि कमांड आपल्या वितरणाच्या पुस्तिकेतून घ्यावी.

भाषेचा प्रश्न

‘आपल्या मुलांना इंग्रजी येतेच, मग अडचण कोणती?’ असे कोणी विचारील. मुलांची अडचण नाही हे मान्य. परंतु याच घरांत आजी-आजोबाही असतात. आणि आपण संगणक गावी पाठवितो तेव्हा तो मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती जातो. पडद्यावरील मेनू मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी पुष्कळ केले आहे. मेनूच्या मागे असलेली पुस्तिका मात्र बहुतांशी इंग्रजीतच आहे. पाटी मराठी आणि पुस्तक इंग्रजी, अशी ही अवस्था आहे.

या बाबतीत मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावयास हवा. साधारण दहा मिनिटांचे एकेक ध्वनिचित्र-पाठ, त्यांत लिनक्सवरील पाठमालाही, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्याची पद्धत मोठी विचारपूर्वक ठरविलेली आहे. भाषांतर केवळ निवेदनाचे होते. पडद्यावरील अक्षरे इंग्रजीच राहतात. त्यामुळे विद्यार्थी समजून घेतो मराठीत, आणि पुढे नोकरीत ज्या कमांड व जे शब्द भेटणार आहेत ते डोळ्यांखालून घालतो इंग्रजीत. अर्ध्या पडद्यावर पाठ व अर्ध्यावर प्रत्यक्ष काम, असे तो शिकवितो. पाठ उतरवून ठेवता येतात. म्हणून जेथे इंटरनेटचा भरवसा नाही तेथेही ते चालतात.

शासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण केरळने घालून दिले आहे. २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या योजनेतून त्या राज्याने पुढे शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणले. शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पाठ्यपुस्तके मल्याळममध्येही दिली. प्रणाली, शिक्षक व पुस्तक या तिन्ही गोष्टी एकत्र दिल्या, म्हणून ती टिकली.

आपण काय करावे?

अशा वेळी उत्साही कार्यकर्त्यांकडून पहिली सूचना येते ती ‘आपणच मराठीत एक पुस्तिका काढू’ अशी. या सूचनेस माझा मर्यादित विरोध आहे. उबंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी आणि डेबियनची साधारण दोन वर्षांनी येते. आपली पुस्तिका दर वेळी सुधारणार कोण? १९९२ साली मोठ्या उमेदीने सुरू झालेल्या त्या उपक्रमातील कित्येक मार्गदर्शिका वर्षानुवर्षे कोणी अद्ययावत न केल्याने आज नवख्यास चुकीची वाट दाखवितात. आपण त्यांत भर घालू नये. जे बदलत नाही, तेवढे मात्र अवश्य मराठीत छापावे: फाइल म्हणजे काय, परवानग्या म्हणजे काय, ‘मॅन’ पान कसे वाचावे, आणि वर सांगितलेले चार प्रश्न. त्यास आठ पाने पुरतील, आणि ती दहा वर्षे उपयोगी पडतील.

याउपर तीन गोष्टी प्रत्येक शाखेस सहज करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, दिलेल्या प्रत्येक संगणकाबरोबर एकच कागद द्यावा. त्यावर वितरणाचे नाव व आवृत्ती, तिची देखभाल कोणत्या वर्षी संपते (उबंटू २४.०४ ची नियमित देखभाल २०२९ पर्यंत आहे), वाचावयाची तीनच ठिकाणे, आणि अडल्यास विचारावयाच्या एका माणसाचे नाव असावे. तीसचाळीस दुव्यांची यादी देऊ नये. लांबलचक यादी देणाऱ्याचे समाधान होते. घेणारा ती उघडत नाही.

दुसरी, संगणक गावी पाठविण्यापूर्वी पुस्तके त्याच्या पोटातच भरावीत. डेबियनचा वर उल्लेखिलेला ग्रंथ व संदर्भग्रंथ हे दोन्ही पॅकेजच्या रूपाने बसविता येतात. स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ उतरवून ठेवता येतात. दोहोंचे परवाने प्रती काढण्यास व वाटण्यास अनुमती देतात. रिकामा संगणक पाठविणे म्हणजे कपाट पाठवून पुस्तके घरी ठेवण्यासारखे आहे.

तिसरी, पहिल्या महिन्यासाठी एक सहाध्यायी नेमावा. आठवड्यातून अर्धा तास, समोरासमोर किंवा दूरध्वनीवर, पुरे. त्याने कमांड सांगू नये, पान सांगावे. आपल्या येथील महाविद्यालयीन मुलामुलींना हे काम उत्तम जमेल, आणि गावाकडील भावंडांशी त्यांची मराठीही जिवंत राहील. जेथे पानच चुकीचे आढळेल तेथे या मुलांनी ती चूक त्या प्रकल्पास कळवावी. इंग्रजी व तंत्र दोन्ही येणाऱ्या आपल्या तरुणांनी एवढी परतफेड केली, तर तिचा लाभ जगातील प्रत्येक नवख्यास मिळेल.

पुढील वर्षी आपल्या कार्यकारिणीने किती संगणक वाटले याचा आकडा अहवालात येईलच. त्या आकड्याखाली आणखी एक ओळ असावी, अशी माझी नम्र सूचना आहे: सहा महिन्यांनंतर त्यांपैकी किती चालू आहेत, आणि किती जण आता स्वतःचे पान स्वतः शोधतात. ती ओळ लिहिण्याची सवय लागली, की वरील तिन्ही गोष्टी आपोआप होऊ लागतील.